फटफटीची किंमत आणि तिचे मोल

एप्रिल २०१६ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथे जुन्या मोटारसायकलींचा एक लिलाव झाला. कॉर्नवॉल परगण्यातून आणलेल्या ‘ब्रफ सुपीरियर’ या नाममुद्रेच्या आठ गाड्या त्यात विक्रीस होत्या. पन्नासहून अधिक वर्षे त्या कोठारांत धूळ खात पडल्या होत्या. लोखंडाला गंज चढला होता आणि काही गाड्यांचे भाग सुटे होऊन विखुरलेले होते. त्यांपैकी १९३८ सालची एक चार सिलिंडरांची गाडी ३,३१,९०० पौंडांना गेली. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम तीन कोटी रुपयांच्या वर जाते.

अशी बातमी वाचून सामान्य वाचकाच्या मनात सहसा दोन प्रतिक्रिया उमटतात. पैसेवाल्यांचा हा एक चोचला आहे असे म्हणून तो पान उलटतो, अथवा आजोबांच्या काळची फटफटी भंगारात घातल्याचे आठवून हळहळतो. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. तथापि मूळ प्रश्नाला त्या बगल देतात. आजच्या कोणत्याही साध्या गाडीपुढे सोयीत आणि विश्वासार्हतेत फिक्या पडणाऱ्या यंत्राविषयी माणसाला एवढी ओढ का वाटावी? आणि ही ओढ दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांतील ब्रिटिश मोटारसायकलींविषयी विशेष उत्कट का असावी? या प्रश्नाच्या उत्तरात एका उद्योगाचा उदय आणि अस्त दडलेला आहे. आणि आजच्या ग्राहकाने विचारात घ्यावा असा एक धडाही आहे.

दुर्मिळतेचे उत्तर अपुरे

दुर्मिळता हे उत्तर चटकन सुचते. पाणी जीवनावश्यक असूनही स्वस्त आणि हिरा निरुपयोगी असूनही महाग का, हे ॲडम स्मिथचे उदाहरण अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच भेटते. जॉर्ज ब्रफ यांच्या नॉटिंगहॅम येथील कारखान्यातून १९१९ ते १९४० या काळात सगळ्या मिळून सुमारे तीन हजार गाड्या बाहेर पडल्या. लिलावात विक्रम करणाऱ्या चार सिलिंडरी नमुन्याच्या तर अवघ्या दहा गाड्या तयार झाल्या होत्या. मागणी करणारे अनेक आणि वस्तू दहा, अशा स्थितीत किंमत आकाशाला भिडली तर त्यात नवल ते काय?

परंतु किमतीचे स्पष्टीकरण म्हणजे आवडीचे स्पष्टीकरण नव्हे. जुन्या मोटारसायकलींचे जतन करणारा ‘व्हिंटेज मोटारसायकल क्लब’ इंग्लंडमध्ये स्थापन झाला तो १९४६ च्या एप्रिलमध्ये. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. पेट्रोलवर रेशन होते आणि ते पुढे १९५० पर्यंत चालू राहिले. १९३० पर्यंत तयार झालेल्या गाड्यांना या क्लबाने ‘व्हिंटेज’ मानले. म्हणजे त्या वेळी त्या पंधरा-वीस वर्षांच्या जुनाट गाड्या होत्या. त्यांना बाजारात कोणी विचारीत नव्हते आणि भंगारवाल्याच्या तराजूखेरीज त्यांना दुसरे ठिकाण नव्हते. ज्या मंडळींनी त्या काळी त्या जपल्या, त्यांना उद्याच्या लिलावांची स्वप्ने पडत नव्हती. थोडक्यात, ओढ आधी होती, किंमत मागाहून आली. आजही ‘बॅनबरी रन’ या १९४९ पासूनच्या वार्षिक मेळाव्यात शेकडो गाड्या रस्त्यावर धावतात. त्यांतील बहुसंख्य गाड्यांना कोटींची किंमत नाही आणि मालकांना त्याची खंतही नाही.

कारकुनाला परवडणारे यंत्र

या गाड्या कोणासाठी तयार झाल्या होत्या, हे आधी पाहिले पाहिजे. १९२४ च्या अखेरीस लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातील प्रदर्शनात दोन गाड्या पुढे आल्या. ब्रफ यांची ‘एस. एस. १००’ ही गाडी ताशी शंभर मैल वेगाची हमी देत होती आणि तिची किंमत १७० पौंड होती. त्या काळी कुशल कामगाराची आठवड्याची मजुरी तीन पौंडांच्या आसपास असे. म्हणजे वर्षभर पोटाला चिमटा घेऊनही ती त्याच्या आवाक्यात आली नसती. त्याच प्रदर्शनात ट्रायम्फ कंपनीने ‘मॉडेल पी’ नावाची ४९४ सी.सी.ची गाडी मांडली. तिची किंमत होती ४२ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स. हप्त्याने पैसे भरण्याची सोय तोवर रूढ झाली होती. शिक्षक, कारकून, फिटर, पोस्टातला माणूस, यांच्या दारात यंत्रबळावर चालणारे पहिले स्वतःचे वाहन आले ते या वर्गातल्या गाड्यांच्या रूपाने. रविवारी त्याच गाडीला साइडकार जोडून बायको-मुलांसह समुद्रकिनारा गाठता येत असे. १९३० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सात लाखांवर मोटारसायकली नोंदलेल्या होत्या.

गाड्यांची घडण ठरविण्यात सरकारी कराचाही वाटा होता. वीसच्या दशकात दोनशे पौंडांहून कमी वजनाच्या गाडीवर वर्षाला दीड पौंड कर असे आणि त्याहून जड गाडीवर तीन पौंड. साहजिकच कारखानदार शक्य तेथे वजन कमी करू लागले. पुढे १९३० च्या सुमारास ही मर्यादा २२४ पौंडांपर्यंत वाढविण्यात आली आणि त्याबरोबर नव्या नमुन्यांची वजनेही त्या रेषेच्या आत बसविली गेली. एखाद्या जुन्या गाडीच्या सडपातळ बांध्याचे आज जे कौतुक होते, त्यामागे कलावंताइतकाच करवसुली अधिकाऱ्याचाही हात आहे, हे विसरता कामा नये.

या उद्योगाची रचनाही लक्षात घेण्याजोगी होती. एका ठिकाणी एकाच धंद्याची वस्ती झाली की तेथले कसब जणू हवेतूनच पसरू लागते, असे निरीक्षण आल्फ्रेड मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदविले होते. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री आणि वुल्व्हरहॅम्प्टन ही त्याची ठळक उदाहरणे होती. आपल्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिरलेल्या वाचकाला ओतशाळा, लेथ आणि सुट्या भागांचे कारखाने यांची ही शेजारवस्ती चटकन डोळ्यांसमोर येईल. लंडनजवळच्या टॉटनहॅम येथील प्रेस्टविच यांच्या कारखान्यातून ‘जॅप’ इंजिन घ्यावे, स्टर्मी-आर्चर किंवा बर्मन यांचा गिअरबॉक्स आणावा, ‘अमाल’चा कार्ब्युरेटर आणि लूकासचा मॅग्नेटो बसवावा आणि टाकीवर आपले नाव रंगवावे, इतक्या भांडवलावर अनेकांनी कारखाने काढले. स्वतः ब्रफ यांच्या गाड्यांतही इंजिने परक्यांचीच असत; त्यांचे कसब निवडीत, जुळणीत आणि काटेकोर तपासणीत होते. हॉवर्ड डेव्हिस या शर्यतपटूने स्वतःच्या नावाची गाडी काढून १९२५ ची आइल ऑफ मॅन येथील सीनियर टी. टी. शर्यत तिच्यावर जिंकली, आणि तीनच वर्षांत त्याचा कारखाना बंद पडून ते नाव फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने विकत घेतले. इतक्या सहज उघडणाऱ्या आणि इतक्या सहज मिटणाऱ्या दारांचा हा धंदा होता.

मालक हाच मिस्त्री

भाग असे सर्वत्र मिळणारे, बहुतांशी सारख्या मापांचे आणि उघड्यावर मांडलेले असल्यामुळे गाडी तिच्या मालकापासून काहीही लपवीत नसे. व्हॉल्व्हची स्प्रिंग, पुशरॉड, साखळी, मॅग्नेटो, तेलाची नळी, सारे डोळ्यांना दिसे आणि पान्ह्याच्या टप्प्यात असे. गाडी चालू करणे हाच एक छोटा पाठ होता. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरवरची बारीक कळ दाबून पेट्रोल किंचित ओसंडू द्यायचे. हॅंडलवरच्या कांडीने ठिणगीची वेळ मागे घ्यायची. दुसऱ्या कांडीने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून पिस्टन नेमक्या जागी आणायचा. आणि मग अंगाचा भार टाकून किक मारायची. इंजिनाने सूर धरला की ठिणगी पुन्हा पुढे करायची. यांतील प्रत्येक क्रियेमागे एक कारण होते आणि ते कारण न समजता ती क्रिया करणाऱ्याला गाडी उलट किक मारून चांगलाच धडा शिकवीत असे.

प्रवासातही हेच. आरंभीच्या अनेक गाड्यांत टाकीशेजारचा हातपंप मारून इंजिनाला तेल पाजावे लागे आणि गिअर टाकीलगतच्या दांड्याने बदलावे लागत. पायाने बदलण्याची खात्रीची योजना ‘व्हेलोसेट’ने विसाव्या दशकाच्या अखेरीस आणली, तेव्हा ती क्रांती वाटली. काही हजार मैल झाले की सिलिंडरचे डोके उतरवून आतली काजळी खरवडणे हे मालकाचे नित्यकर्म होते. ‘द मोटर सायकल’ आणि ‘मोटर सायकलिंग’ ही साप्ताहिके अशा कामांची सचित्र माहिती देत. अशा तऱ्हेने एका पिढीला कोणत्याही पाठशाळेत न जाता यंत्रशास्त्राचे प्रात्यक्षिक शिक्षण मिळाले.

हे शिक्षण पुरुषांपुरतेही मर्यादित राहिले नाही. बीट्रिस शिलिंग या तरुण अभियंतीने स्वतः सुधारलेल्या नॉर्टनवर १९३४ मध्ये ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी १०६ मैलांच्या वेगाने फेरी घेतली. हीच स्त्री पुढे फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करीत होती. विमान एकाएकी नाक खाली करून सूर मारू लागले की स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा इंधनपुरवठा बिघडून ते अडखळे. या दोषावर १९४१ मध्ये तिने एका लहानशा छिद्राच्या पितळी चकतीचा तात्पुरता, पण अचूक उपाय शोधला. १९३४ च्याच डिसेंबरात फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन आणि थेरेसा वॉलक या दोघी ‘पॅंथर’ मोटारसायकलीला साइडकार आणि मागे गाडा जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनला पोहोचल्या. वाळवंटात बिघडलेली गाडी स्वतः उघडून दुरुस्त करता येणे हीच त्या प्रवासाची खरी शिदोरी होती.

या गाड्यांच्या मोहाचे मूळ येथे आहे. सामर्थ्यवान तरीही संपूर्णपणे आकलनीय असे यंत्र सामान्य मिळकतीच्या माणसाच्या हाती येण्याचा तो काळ होता. आधीच्या गाड्या आकलनीय होत्या, पण दुबळ्या आणि लहरी होत्या. नंतरच्या अधिकाधिक समर्थ होत गेल्या, पण त्यांची दारे मालकाला बंद होत गेली. मधल्या वीस वर्षांत ही दोन्ही टोके काही काळ एकत्र आली. आजच्या वाहनात बिघाड झाला की पडद्यावर एक खूण उमटते आणि मालकाला कंपनीच्या अधिकृत केंद्राची वाट धरावी लागते. वस्तू त्याच्या मालकीची असते. तिचे ज्ञान मात्र दुसऱ्याच्या कुलपात असते. मालकीतले हे न्यून ज्याला जाणवते, त्याला शंभर वर्षांपूर्वीची उघडीवाघडी फटफटी आकर्षक वाटली तर तो केवळ भूतकाळाचा उमाळा म्हणता येणार नाही.

सोनेरी काळाची काळी बाजू

अर्थात या आकर्षणाला एक धोका आहे. यंत्र आवडले म्हणून त्याचा काळही आवडू लागतो आणि मग इतिहासाचे भान सुटते. ज्या दशकातील नॉर्टन आणि व्हेलोसेट आज काचेच्या पेटीत चमकतात, त्याच दशकात ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांच्या जवळ पोहोचली होती. १९३६ मध्ये जॅरो या जहाजबांधणीच्या गावातले दोनशे बेकार कामगार काम मागण्यासाठी पायी चालत लंडनला गेले. पौंडाचा जुना दर टिकविण्याच्या हट्टापायी १९२५ मध्ये ब्रिटन सुवर्णमानाकडे परतले आणि त्यामुळे त्याचा निर्यात माल परदेशात महागला, यावर केन्स यांनी तेव्हाच बोट ठेवले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णमान सोडावे लागले. तोपर्यंत अनेक लहान कारखाने मोडकळीस आले होते.

रस्त्यांवरचे चित्रही भीषण होते. १९३० मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली. वाहने आजच्या मानाने मूठभर असतानाची ही संख्या आहे. त्याच वर्षीच्या कायद्याने ताशी वीस मैलांची जुनी वेगमर्यादा काढून टाकली होती. वस्तीच्या भागांत तीस मैलांची मर्यादा आणि चालकाची परीक्षा यांची तरतूद १९३४ च्या कायद्याने झाली. १३ मे १९३५ रोजी अरबस्तानच्या मोहिमेमुळे प्रसिद्धी पावलेले टी. ई. लॉरेन्स आपल्या ‘ब्रफ सुपीरियर’वरून जात असता सायकलवरच्या दोन मुलांना चुकविताना कोसळले आणि सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. सैन्यातील स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले ते त्यातून, १९४१ मध्ये. नागरिकांना त्यासाठी १९७३ उजाडावे लागले. त्या जुन्या छायाचित्रांतील उघड्या डोक्याचे, हसरे तरुण पाहताना हा हिशेबही ध्यानात ठेवावा लागतो.

शिवाय मालकाला मिस्त्री व्हावे लागत होते ते केवळ हौसेपोटी नव्हे. गाडी वारंवार बिघडे म्हणून तो शिकला. कारखान्याने जे काम पूर्ण करायला हवे होते, त्यातले काही मालकाच्या रविवारच्या सुटीवर ढकलले जात होते. अर्थशास्त्राच्या भाषेत, उत्पादनखर्चाचा एक अंश ग्राहकाच्या विनामूल्य श्रमातून वसूल होत होता. हे मान्य केल्याशिवाय केलेले गुणगान लटके ठरेल.

कौतुकाने आंधळा झालेला उद्योग

ही सबब ब्रिटिश कारखानदारांनी सोयीस्करपणे गुण मानली आणि तेथेच त्यांचा घात झाला. आपल्या ग्राहकाला तेलाने हात माखायला आवडते, असे त्यांनी गृहीत धरले. वस्तुतः धोक्याच्या सूचना तेव्हाच मिळू लागल्या होत्या. १९२२ मध्ये आलेली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी मोटार तिशीच्या आरंभी सव्वाशे पौंडांच्या आसपास मिळू लागली आणि १९३५ मध्ये फोर्डने शंभर पौंडांत बंद मोटार दिली. पावसात भिजत साइडकारमध्ये बसणाऱ्या कुटुंबाने काय निवडले असेल, हे सांगावयास नको. दशकाअखेर नोंदणीकृत मोटारसायकलींची संख्या पाच लाखांच्या खाली आली. कॉर्नवॉलच्या कोठारातून निघून विक्रमी किमतीला गेलेल्या त्या चार सिलिंडरी ब्रफमध्ये इंजिन होते ते याच ‘ऑस्टिन सेव्हन’चे. ज्या मोटारीने मोटारसायकलीचे कौटुंबिक गिऱ्हाईक पळविले, तिचेच हृदय आज जगातील अतिमहाग ब्रिटिश मोटारसायकलींपैकी एकीच्या पोटात आहे.

शर्यतींच्या मैदानातही वारे फिरत होते. १९३१ ते १९३८ या आठ वर्षांत नॉर्टनने सीनियर टी. टी. सात वेळा जिंकली. त्या विजयांनी डोळे दिपले. परंतु १९३५ मध्ये ती शर्यत इटलीच्या ‘मोटो गुझी’ने आणि १९३९ मध्ये जर्मनीच्या ‘बी. एम. डब्ल्यू.’ने जिंकली. नवे तंत्र दुसरीकडे वाढत होते. एडवर्ड टर्नर यांनी १९३७ मध्ये ‘ट्रायम्फ’साठी ७५ पौंडांत दिलेली जोडसिलिंडरी ‘स्पीड ट्विन’ हा तेजस्वी अपवाद होता. पण पुढची तीस वर्षे सारा उद्योग त्याच एका कल्पनेवर बसून राहिला. १९५९ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत प्रथम भाग घेतला. बटण दाबताच सुरू होणाऱ्या, तेल न गाळणाऱ्या जपानी गाड्या बाजारात आल्या तेव्हा ब्रिटिश कारखानदारांनी लहान गाड्यांचा बाजार त्यांना सोडून दिला आणि आपण मोठ्या गाड्यांकडे सरकले. मग तेथूनही त्यांना मागे सरावे लागले. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात या माघारीचे विश्लेषण आहे आणि व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी आजही ते अभ्यासतात. व्हेलोसेट १९७१ मध्ये मिटली, बी. एस. ए. त्यानंतर दोन वर्षांत दुसऱ्याच्या पोटात गेली.

म्हणून त्या गाड्यांच्या चाहत्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सहज उघडता येणारे आणि समजणारे यंत्र हा गुण होता. सतत उघडावे लागणारे यंत्र हा दोष होता. ब्रिटिश कारखानदारांनी दोषालाच गुण समजून जपले. आजचा उद्योग उलट टोकाला गेला आहे: दोष दूर करताना त्याने गुणही काढून टाकला.

मद्रासमार्गे

हा इतिहास भारताला परका नाही. मोटारसायकलीला मराठीने ‘फटफटी’ हे नाव दिले ते याच जातीच्या, एका सिलिंडराच्या इंजिनाच्या ठोक्यावरून. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याने ‘बुलेट’ हे नाव प्रथम वापरले १९३२ मध्ये. पन्नाशीच्या आरंभी भारतीय सैन्याने ३५० सी.सी.च्या बुलेटची मागणी नोंदविली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी व पुढे संपूर्ण उत्पादन सुरू झाले. इंग्लंडमधील मूळ कंपनीचे उत्पादन १९७० मध्ये थांबले. मद्रासचा कारखाना चालूच राहिला. इतकेच नव्हे तर १९७७ पासून मद्रासच्या बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागल्या. ओतीव लोखंडाच्या सिलिंडराचे ते जुन्या घडणीचे इंजिन या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तयार होत होते. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी झाडाखाली बसून, कानाने ठोका ऐकून टॅपेट जुळविणारे मिस्त्री ज्या विद्येवर जगले, तिचा उगम बर्मिंगहॅमच्या आसपासच्या त्या कारखान्यांत आहे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाही. ती हातातून हातात गेली. इंधन आणि ठिणगी यांचे नियमन संगणकाच्या तबकडीकडे गेले तसतशी ती विद्या निकामी ठरत आहे.

अशा वेळी कायद्याने जुन्या वाहनांकडे कसे पाहावे? ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना रस्ताकर माफ आहे, आणि भरीव फेरफार न केलेल्या अशा गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. मालकाने गाडी सुस्थितीत ठेवावी आणि रस्त्यावर चालवावी असे त्या धोरणाचे गृहीतक आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठेवले आणि नित्याच्या वापरास मनाई केली. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मेळावे आणि दुरुस्ती-इंधनापुरती ये-जा एवढीच मुभा ठेवली. वारशाला कायद्यात जागा मिळाली, हे स्वागतार्ह आहे. प्रदूषणाचा प्रश्नही खोटा नाही. तथापि वीस हजारांचे शुल्क हौशी कारकुनाला किंवा मिस्त्रीला जड आहे आणि संग्राहकाला नगण्य. जी गाडी मुळात अल्प मिळकतीच्या माणसासाठी जन्माला आली, ती या नियमांमुळे केवळ धनिकांच्या दिवाणखान्याकडे ढकलली जाण्याचा संभव आहे. शुल्क गाडीच्या वर्गानुसार कमी करणे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना ते माफ करणे अवघड नाही. अशा संस्थेत एक जुने एकसिलिंडरी इंजिन विद्यार्थ्यांच्या हाती उघडायला दिले तर इंजिनाची चार अंगे, ठिणगीची वेळ आणि तेलाचा मार्ग त्यांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर समजतील.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वस्तूच्या मालकाला ती दुरुस्त करण्याचा, त्यासाठी सुटे भाग व माहिती मिळविण्याचा हक्क असावा, या मागणीला आता जगभर जोर चढला आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा निर्देश संमत केला. भारतातही केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. मात्र कायद्याचे बळ त्याला अद्याप मिळावयाचे आहे. ट्रॅक्टर, मोटारसायकल, दूरध्वनी, शिवणयंत्र यांवर ज्यांचा चरितार्थ आहे, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न हौसेचा नसून पोटाचा आहे. जुन्या फटफटीचा चाहता आणि नव्या ट्रॅक्टरचा शेतकरी यांची मागणी मुळात एकच आहे.

स्टॅफर्डच्या लिलावात हातोडा पडला तेव्हा त्या गाडीची किंमत ठरली. तिचे मोल त्यापूर्वीच ठरले होते: १९४६ मध्ये, रेशनच्या पेट्रोलवर, ज्यांनी बाजारात शून्य किमतीच्या गाड्या पुन्हा चालत्या केल्या त्यांनी ते ठरविले. त्यांना यंत्राची गुंतवणूक करायची नव्हती. त्याच्याशी संवाद साधायचा होता. कोटींच्या किमती वाढत गेल्या तर या गाड्या हळूहळू समभागांसारख्या तिजोरीत जातील, त्यांना किक मारणारे कोणी उरणार नाही आणि त्या किमतीमागचे कारणच नाहीसे होईल. धातू टिकविणे सोपे आहे. तेलाचा पातळ थर आणि कोरडी खोली एवढ्याने ते साधते. टिकवायचे आहे ते यंत्र उघडून समजून घेण्याचे धाडस आणि ते शिकविणारे हात. ते हात जेथे अजून काम करीत आहेत, अशा गल्लीबोळांतल्या गॅरेजांकडे पाहण्याची सवड धोरणकर्त्यांनी वेळीच काढली, तर त्या वीस वर्षांच्या वारशाचा खरा उपयोग होईल.